इंडिगो ट्रामला वन्स मोर

माझ्या वडिलांना कोणते आवाज ऐकू येतात आणि कोणते येत नाहीत, हे मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नादकाट्यांनी तपासलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली काट्यांची पेटी एका रविवारी मागून घरी आणली होती. आबा खाटेवर बसले होते. सगळ्यांत मोठा, जाड काटा रबरी ठोकळ्यावर आपटून त्यांच्या कानाजवळ धरला, तसे ते हसले.

"येतंय की. म्हशीच्या पोटात गुरगुरल्यावानी."

मग मी एकेक लहान काटा धरत गेले. शेवटचे तीन काटे त्यांनी हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि परत दिले.

"ह्ये मुकं हायती. बदलून आण."

काटे मुके नव्हते. चुलीपाशी बसलेल्या आईला ते तिथून ऐकू येत होते.

आबा, म्हणजे रावजी, मंद्रूपची कोरडवाहू जमीन भावांकडे ठेवून तरुणपणीच सोलापूरला आले आणि गिरणीत मागावर लागले. मागांच्या खात्यात एका छताखाली शेकडो माग एकदम चालतात. त्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलं की कानातली उंच, बारीक स्वर टिपणारी जागा आधी बधिर होते. जाड स्वर उरतात. स, श, च, त ही अक्षरं उंच स्वरांत राहतात, म्हणून ती पहिल्यांदा जातात. "पुण्याला जाऊ का" हे वाक्य आबांपर्यंत पोचायचं ते "उ-आ-आ, आ-ऊ, आ" असं. त्यातून कुणी काय समजावं?

आबांनी त्यावर एक तोड काढली होती. कुणीही काहीही बोललं की ते "व्हय" म्हणायचे. दहापैकी आठ वेळा तेवढ्यानं भागतं, कारण माणसं बहुतेक वेळा हवापाण्याबद्दलच बोलतात. उरलेल्या दोन वेळा घोटाळा व्हायचा. एका दिवाळीत मंद्रूपला एकानं त्यांना विचारलं, बैल विकायचा का. आबा म्हणाले, व्हय. दुसऱ्या दिवशी तो माणूस दावं घेऊन दारात. बैल चुलत्यांचा. आबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मला ऐकू येतंय. त्योच नीट बोलला न्हाय."

एवढं सांगितलं कारण त्या जून महिन्यात, एकोणीसशे सत्त्याहत्तर साली, आबांनी एकाच संध्याकाळी दोनदा "व्हय" म्हटलं.

पहिलं मला. पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला माझं नाव लागलं होतं. आई म्हणाली, "ह्येंनी व्हय म्हणलं तर जा." मी आबांसमोर बसून विचारलं. आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "व्हय."

दुसरं मानसिंगमामांना. आईचे हे थोरले भाऊ त्याच रात्री जेवणवेळेला आले. बार्शीच्या भुसार बाजारात अडतीचं दुकान असलेल्या एका घरचं स्थळ त्यांनी माझ्यासाठी पाहिलं होतं. बराच वेळ बोलून शेवटी म्हणाले, "मग दाजी, देऊ शब्द?"

"व्हय," आबा म्हणाले.

मामांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि सोमवारी सुपारी फोडायला येतो म्हणून निघून गेले.

आई चुलीपाशी डोक्याला हात लावून बसली. "दोनीला व्हय म्हणल्यात. आता गं?"

मला आबांचं खरं उत्तर हवं होतं. ते "नाही" असतं तर मी रडले असते, भांडले असते. पण या "व्हय"शी कसं भांडायचं? ते न ऐकता दिलेलं होतं, आणि मामा ते शब्द म्हणून घेऊन गेले होते. लिहून दाखवावं तर आबांना सहीपुरतीच अक्षरं येत होती. मी ओरडून सांगून पाहिलं. चाळीतली दारं उघडली, शेजारच्या काशम्मा कंबरेवर हात ठेवून बाहेर आल्या, आणि आबांचा चेहरा लाल झाला.

"वरडतीस कशाला? भैरा हाय का मी?"

त्यापुढे ते दोन दिवस माझ्याकडे बघेनात.

शनिवारी आबा गिरणीतून एक पास घेऊन आले. गिरणीचा वर्धापनदिन होता. दरवर्षी नाटक किंवा सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असायचा. या वर्षी मुंबईहून आलेल्या तरुण विव्हिंग मास्तरांनी, म्हणजे मागखात्याच्या साहेबांनी, आपल्या ओळखीचा एक बँड ठरवला होता. तो हैदराबादला चालला होता, वाटेत सोलापूरला उतरणार होता. पासावर छापलं होतं, 'द इंडिगो ट्राम, सायकेडेलिक रॉक. रविवारी दुपारी चार. कामगार व एक कुटुंबीय.'

सायकेडेलिक रॉक म्हणजे काय ते मी वाचनालयातल्या इंग्रजी मासिकात थोडं वाचलं होतं. खूप मोठे लाउडस्पीकर, लांबच लांब गाणी, आणि खालच्या पट्टीतली एक गिटार, जिचा स्वर छातीत बसतो म्हणे. माझ्या डोक्यात जाड काटा घुमला. आबांना जे ऐकू येतं ते त्यांना भरपूर ऐकवणारं असं काही सोलापुरात पहिल्यांदाच येत होतं. आबा पूर्वी भजनात टाळ धरायचे. ताल चुकायला लागला आणि लोक वळून बघायला लागले, तेव्हापासून त्यांनी तिकडे जाणं सोडलं होतं. सोमवारचं जे व्हायचं ते होवो, आबांनी एकदा तरी पोटभर गाणं ऐकावं असं मला वाटलं.

आई म्हणाली, "असल्या धांगडधिंग्याला पोरीला नेताय व्हय तुमी?"

आबा म्हणाले, "व्हय."

त्यामुळे आम्ही गेलो.

गिरणीच्या आवारात पत्र्याचं मोठं सभागृह होतं. आत अंधार हवा म्हणून मास्तरांनी सगळ्या खिडक्यांवर गिरणीच्याच चादरी टांगल्या होत्या, मोरांच्या, कमळांच्या. मंचामागे एक पांढरी चादर होती. एक पोरगेला माणूस काचेच्या दोन बशांत तेल आणि रंगीत पाणी घेऊन ते दिव्यापुढे हलवत होता. तेलपाणी मिसळत नाही, म्हणून चादरीवर निळेजांभळे थेंब फुगत, फुटत, पुन्हा एकमेकांना चिकटत होते. ते बघायला मला फार आवडलं. पण जून महिना, वर पत्रा, आत सगळी गिरणी. कामगारांनी पाच मिनिटांत चादरी वर गुंडाळल्या आणि खिडक्या उघडल्या. आत लख्ख उजेड आला. मागच्या पडद्यावरचे रंग फिके पडले. मास्तर "अहो, अहो" करत राहिले.

बँडचे चौघे मंचावर आले. मी पोरांची अपेक्षा केली होती. हे आमच्या मामांच्या वयाचे. पुढे उभ्या राहिलेल्या गिटारवाल्याचे केस खांद्यापर्यंत होते, पण मधे टक्कल पडलं होतं आणि रेशमी शर्टाचं खालचं बटण पोटावर लागत नव्हतं. मास्तरांनी सांगितलं, मुंबईतली ट्राम बंद झाली त्यानंतरच्या वर्षी यांनी बँड काढला. तेव्हापासून बारा वर्षं हेच चौघे वाजवतात. आजकाल बाकीचे बँड सिनेमाकडे वळले, हे वळले नाहीत.

"म्हंजे सिनेमाचं वाजवणार न्हाईत?" मागून कुणीतरी विचारलं. मास्तरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

मी आबांना ओढत पहिल्या रांगेत, थेट काळ्या लाउडस्पीकरसमोर बसवलं. माझं गणित सरळ होतं. कमी ऐकू येतं, तर जवळ बसायचं.

गिटारवाल्यानं पहिला सूर छेडला, ढोलांच्या घोळक्यात बसलेल्या चौथ्यानं दोन्ही हात एकदम खाली आणले, आणि आबा खुर्चीतून उठले. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. कान बधिर झालेल्या माणसाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी इतरांपेक्षा जास्त खुपतो. हे मला पुढे पुण्यात शिकायला मिळालं. तेव्हा माहीत नव्हतं. मी त्यांचा हात धरून मधल्या वाटेनं थेट मागच्या भिंतीपर्यंत आले. आबा भिंतीला टेकून उभे राहिले, घाम पुसला. मला इतकं वाईट वाटलं की मंचाकडे बघवेना. "घरी जायचं का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तेव्हा मी सभागृहाकडे पाहिलं.

आमच्या पुढे मास्तरांनी बोलावलेली कॉलेजची दहाबारा मुलं उभी होती. ती एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती आणि "काय? काय?" करत होती. त्यांच्या पलीकडे शेकडो कामगार निवांत गप्पा मारत होते. या भिंतीवरून त्या भिंतीवर, पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत. आवाज न करता. ओठ रुंद करून, भुवया उडवून, मधूनच एखादी खूण करून. हाताची मूठ ओठांकडे वाकवली की चहा. कपाळापाशी दोन बोटांनी टोपीची कड दाखवली की जॉबर, म्हणजे त्यांचा मुकादम. सगळं सभागृह बोलत होतं आणि हसत होतं, आणि बँड त्यांच्या डोक्यावरून गर्जत होता.

ही बोली मला माहीत होती. मागांच्या खात्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. लहानपणी मी आबांचा डबा घेऊन जायची, तेव्हा खात्याच्या दारात उभी राहून बघत असे. बघता बघता शिकले. एकदा घरी ती बोलून दाखवली तर आईनं थोबाडीत दिली. "तोंड वेडंवाकडं करतीस? गिरणीची बोली गिरणीत. घरंदाज घरात न्हाय चालत." गिरणीत त्या बोलीतून शिव्याही जायच्या, चावट विनोदही जायचे, म्हणून सगळ्या चाळीत तोच नियम होता. आबाही तो पाळायचे. फाटकापाशी विडी विझवावी तशी ती बोली ते तिथेच विझवून घरी यायचे, आणि घरी येऊन "व्हय" म्हणायचे. चाळीतल्या निम्म्या घरांतले बाप असेच "व्हय" म्हणायचे. त्यांना समजणारी एकच बोली आम्ही सगळ्यांनी मिळून घरात बंद केली होती.

पुढच्या रांगेतून एक दाढीवाला माणूस मागे वळला. लालसाबचाचा. आबांच्या शेजारचे माग त्यांचे. त्यांनी ओठ हलवले, "क्यों रे रावज्या, पुढनं पळालास? ढोल बडवायला बलवलं व्हतं का तुला?"

आबा हसले. नुसते नाही, खांदे हलवून हसले. त्यांचे ओठ भराभर हलू लागले. "तूच जा की. तुझी बायकू म्हणती घरात लई ढोल बडवतूस."

"त्या गिटारवाल्याचं बघ. मधला ताणा तुटलाय, कडंचाच राहिलाय."

"गाठ मारून दे की जाऊन. तू चांगला गाठी मारतूस, सगळ्या सुटत्यात."

चार रांगा पलीकडचा नागप्पा नावाचा माणूसही मधे पडला, तिघे हसले. मी आबांच्या तोंडाकडे बघतच राहिले. घरात कधी सलग दोन वाक्यं न बोलणारा माणूस. हा विनोदी होता, खोडकर होता, आणि हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात ढोलवाल्यानं रंगात येऊन एक काठी हवेत फेकली. झेल हुकला आणि काठी सभागृहात उडाली. क्षणात सगळी गिरणी खाली वाकली. एकजात, शेकडो डोकी. मागाचा धोटा लोखंडी टोकाचा असतो, तो कधी उडून आला तर डोळा जातो, म्हणून विणकराचं अंग विचार न करता वाकतं. कॉलेजची मुलं तेवढी ताठ उभी राहिली. आबाही वाकले होते आणि त्यांनी माझी मान धरून मलाही खाली दाबलं होतं. वाकलेल्या अवस्थेत आमचे चेहरे एकमेकांसमोर आले.

मी ओठ रुंद केले. आवाज न काढता म्हटलं, "आबा. मी पुण्याला जाऊ का, शिकायला?"

आबा दचकले. पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना. मग त्यांचे ओठ हलले. "तुला कुणी शिकवलं ह्ये?"

"डबा आणत हुती तवा. बघून बघून."

आम्ही सरळ उभे राहिलो. मंचावर गिटारवाला डोळे मिटून एकच सूर ओढत होता. तो सूर लाउडस्पीकरमधून परत गिटारीत शिरून फिरत, फुगत होता. एकाला एक जोडून वाजवलेल्या गाण्यांतलं हे शेवटचं, आणि ते संपायची चिन्हं नव्हती.

"पुणं?" आबांनी विचारलं. "मला वाटलं त्या दिशी तू बाजाराला जाऊ का म्हणतीस."

"आन् मामानं बार्शीचं स्थळ आणलंय. तुमी त्यालाबी व्हय म्हणला. उद्या सुपारी फोडायची हाय."

"कुणाची?"

"माझी."

आबांचा चेहरा असा झाला की मला तो अजून तसाच दिसतो. हात भिंतीवर गेला.

"मी म्हणलं त्यो पावसाचं बोलतूय. वरती हात करून बोलत हुता." त्यांचे ओठ थांबले, पुन्हा हलले, आता अगदी सावकाश. "वच्छे, मला ऐकू येत न्हाय. लई दिस झालं. जवळचंबी न्हाय येत."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. बोलून दाखवावं लागलं असतं तर मलाही सांगितलं नसतं.

"मला म्हाईत हाय," मी ओठांनी म्हटलं. "काटं मुकं नव्हतं, आबा."

ते ओशाळं हसले. मग प्रश्न विचारायला लागले. एकामागून एक, इतकी वर्षं साठवल्यासारखे. राहणार कुठं? मुलींच्या वसतिगृहात. जेवण? तिथंच. सोबत कुणी ओळखीचं? नाही. शिकणार काय? मी कानाला हात लावला आणि हवेत लाटा काढून दाखवल्या. आवाज. आवाज कसा जातो, कसा अडतो. आबांनी भुवया वर केल्या. "त्येचं शिकायला लागतं व्हय? हितं गिरणीत फुकट मिळतूय." मग गंभीर झाले. "आन् शिकून..."

गाणं संपलं.

एकदम इतकी शांतता झाली की कानात शिट्टी वाजायला लागली. सभागृहभर गप्पा अर्ध्यावर तुटल्या. मी ओठ हलवून म्हटलं, "आबा, जाऊ का?" पण आता उजेडात, शांततेत, आमच्या पुढची मुलं वळून बघत होती. आबांनी नजर फिरवली. फाटकाबाहेर आल्यासारखा त्यांचा चेहरा बंद झाला.

मंचावर गिटारवाल्यानं वाकून नमस्कार केला. चारदोन टाळ्या पडल्या. "सिनेमाचं एखादं म्हणा की, राव!" कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, ध्वनिक्षेपक घेतला, बाहेर चहा-चिवड्याची सोय आहे म्हणून सांगितलं. लोक उठायला लागले. गिटारवाल्यानं खांद्यावरचा पट्टा काढला. बारा वर्षं वाजवणाऱ्याला हे नवं नसावं. त्यानं वायर गुंडाळायला घेतली, आणि ती इतक्या सवयीनं गुंडाळली की मला त्याचं वाईट वाटलं.

आबांच्या ओठांवर उत्तर होतं, आणि त्यांना ते बोलता येईल असा आवाज, माग बंद असलेल्या त्या रविवारी, सगळ्या सोलापुरात फक्त या चौघांपाशी होता.

"वन्स मोर!" मी ओरडले.

माझ्या आयुष्यात मी सभेत कधी ओरडले नव्हते. मधल्या वाटेत शिरलेली माणसं थांबली. मास्तर बघत राहिले. मी पुन्हा ओरडले, "वन्स मोर!"

लालसाबचाचांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी मागचं सगळं लांबून वाचलं होतं. या बोलीत कुजबुज करता येत नाही. ते खुर्चीवर चढले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "वन्स मोर! अरे बजाओ भाई, हमारी बात अधूरी रह गई!" नागप्पा उठला. मग त्याच्या रांगेतले उठले. सगळ्यांच्याच गप्पा अर्ध्यावर तुटल्या होत्या. पत्रा दणाणला.

गिटारवाला वायर हातात घेऊन उभा राहिला. त्यानं ढोलवाल्याकडे पाहिलं. ढोलवाल्याकडे एकच काठी उरली होती. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी दुसरी खालून शोधून दिली. गिटारवाल्यानं पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला, ध्वनिक्षेपकाजवळ येऊन हिंदीत म्हणाला, "हे गाणं कुणी परत मागितलेलं मला आठवत नाही. आता पूर्ण वाजवतो. मघाशी छोटं केलं होतं."

मघाशी छोटं केलं होतं! मी आजही त्या माणसाची ऋणी आहे.

पहिला ठोका पडला आणि गिरणी सुरू झाली. ओठ हलू लागले. आबांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"जा," ते म्हणाले.

मी नीट बघितलं. प, ब, म ही अक्षरं ओठांवर एकसारखी दिसतात, गफलत होऊ शकते. पण "जा"मध्ये गफलत होत नाही.

"खरं?"

"व्हय." आणि मग त्यांनाच त्या शब्दाची लाज वाटली असावी. त्यांनी बोट हलवून तो खोडला आणि सगळं वाक्य सांगितलं. "तू पुण्याला जायाचं, शिकायचं, ह्ये मला समजलंय आन् माझ्या मनात हाय. मामाला मी सांगतू. फकस्त उद्या त्यो बोलताना तू माज्यासमोर बस. त्यो काय म्हणतूय त्ये मला ओठानं सांग. मी काय म्हणायचं त्ये मी म्हणतू."

मी मान हलवली. बोलणं संपलं होतं, गाणं नव्हतं. मग मी पहिल्यांदा गाणं ऐकलं.

गिटारवाला एकच छोटी चाल घेऊन तिच्याभोवती फिरत होता. प्रत्येक फेरीत काहीतरी थोडंसं बदलत होता. खालच्या पट्टीची गिटार जमिनीतून तळव्यात येत होती. विजेची पेटी वाजवणाऱ्याचे स्वर तेलाच्या थेंबांसारखे पसरत होते. खिडकीतून आलेल्या उन्हात मागचे निळेजांभळे रंग जवळपास दिसतच नव्हते, तरी तो पोरगेला माणूस काचा हलवत होता. चौघेही एकमेकांकडे न बघता वाजवत होते. बारा वर्षं एकाच खात्यात शेजारी उभं राहिलेली माणसं वाजवतील तसं. आबांनी तळवा पत्र्याच्या भिंतीवर टेकवला, मागाच्या चौकटीवर टेकवावा तसा. डोळे मिटले. मग उघडले आणि ओठ हलवले, "चाल चांगली हाय. कुटं अडकत न्हाय."

चहाच्या वेळी मी त्या गिटारवाल्यापर्यंत गेले. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. जवळून तो आणखी थकलेला दिसत होता आणि खूश होता. त्यानं हिंदीत विचारलं, "तूच ना ओरडणारी? काय आवडलं त्या गाण्यात?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "लंबा था," मी म्हटलं.

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. "मुंबईत सगळे याचीच तक्रार करतात."

"शुक्रिया," मी म्हटलं. आणखी काय सांगायचं ते हिंदीत जमेना. माझ्या मागे आबा उभे होते. त्यांनी त्याला हात जोडले आणि ओठांनीच काहीतरी म्हटलं. त्या माणसाला ते कळलं नाही. त्यानंही हात जोडले.

सोमवारी मानसिंगमामा नारळ आणि सुपारी घेऊन आले. मी आबांसमोर, मामांच्या थोडं मागे बसले. मामा बोलायला लागले तसे माझे ओठ हलू लागले. आईनं ते पाहिलं. तिचा हात उठला, मग तसाच मांडीवर परत गेला, कारण आबा बोलायला लागले होते.

"मानसिंग, त्या दिशी मी व्हय म्हणलं ते पावसाला. पोरीचं मी ऐकलंच नव्हतं. पोरगी पुण्याला शिकायला जाणार हाय."

मामा उसळले. "दाजी, मी तितं शब्द दिऊन बसलूय! माझी काय इज्जत ऱ्हायली? काय सांगू त्यास्नी?"

मी हे सगळं ओठांनी दिलं, इज्जतीसकट. आबांनी ते वाचलं. खोलीत शांतता होती, दार उघडं होतं, काशम्मा बाहेर तांदूळ निवडत होत्या.

"माझं नाव सांग," आबा मोठ्यानं म्हणाले. "म्हणावं, दाजी भैरा हाय. त्याला ऐकू येत न्हाय."

आई उठून चहा ठेवायला लागली. मामांनी नारळ पिशवीत घातला, पण चहा पिऊन गेले.

महिन्याभरानं मी पुण्याला निघाले. सोलापूर स्टेशनावर आई, आबा, लालसाबचाचा आले होते. गाडीला कोळशाचं इंजिन होतं आणि ते नेमकं आमच्या डब्याजवळ उभं राहून वाफ सोडत होतं. खिडक्याखिडक्यांतून लोक ओरडत होते, हात हलवत होते, कुणाला काही ऐकू येत नव्हतं. आबा शांतपणे उभे होते. ते माझ्याशी ओठांनी बोलत होते. जेवणाचा डबा कुर्डुवाडी गेल्यावर उघड, तोवर गर्दी असते. पैसे आतल्या पिशवीत ठेव. सुट्टीला आलीस की सांग, ते आवाजाचं काय निघालं.

शेजारी आई उभी होती. गाडी हलली तशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे बघत तोंड वेडंवाकडं करायला लागली. ओठ रुंद, भुवया वर, सगळं चुकीच्या जागी. मला एक अक्षर कळलं नाही. मी हातानं विचारलं, काय?

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून, स्वच्छ, एकेक अक्षर करत सांगितलं, "आय म्हणती, लवकर ये."